नाचातून जन्मलेला वाद्यवृंद

आमच्या रेडीच्या जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. लोक राजा पाहतात, राक्षस पाहतात. बाजूच्या बाकावरचे पेटीवाले, मृदंगवाले, झांजवाले कुणाच्या लक्षात राहतात? त्यांतले मृदंगवाले म्हणजे माझे बाबा. कॉलेजच्या प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी नुसते ‘शेती’ लिहिले होते. विष्णुदास शिराली यांच्याविषयी वाचले तेव्हा ते आठवून मला ओशाळल्यासारखे झाले.

शिराली १९०७ साली हुबळीत जन्मले. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य पुढे पॅरिसला उदयशंकरांच्या नृत्यमंडळीत सामील झाले. नाचाची साथ म्हणजे दुय्यम काम, अशी आपल्याकडे समजूत. (ती अजून गेली आहे असे नाही!) ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या शांझेलिझे नाट्यगृहात मंडळीचा पहिला खेळ झाला. वादक पडद्याआड नव्हते, रंगमंचावरच बसत. सरोद, सतार, इसराज, बासरी, जलतरंग; दोन नृत्यांच्या मध्ये हा वाद्यवृंद एकटाच वाजे. तिमिरबरन गेल्यावर संगीताची सारी धुरा शिरालींकडे आली.

उदयशंकर आधी नाच बसवीत, मग त्यावर संगीत बांधले जाई. हे वाटते तेवढे सोपे नाही. राग सावकाश उलगडावा लागतो आणि इथे तर पाऊल पडले की सूर पडलाच पाहिजे. शिरालींनी दोन्ही सांभाळले. वेगवेगळ्या सुरांत लावलेले तबले भोवती मांडून ते त्यांवर चक्क राग वाजवीत. या तबलातरंगाच्या आणि वाद्यवृंदाच्या तबकड्या १९३७ साली अमेरिकेत निघाल्या. तबकडीत नर्तक दिसत नाही. तरीही संगीत आपल्या पायांवर उभे राहिले, हे मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे यश वाटते.

पुढे ‘श्रम आणि यंत्र’ या नृत्यनाट्याला आणि १९४८ च्या ‘कल्पना’ चित्रपटाला त्यांनीच संगीत दिले. नंतर फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांसाठी काम केले. १९८४ साली ते वारले. ‘कल्पना’ची दुरुस्त केलेली प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे सगळे बाबांना सांगितले. ते मृदंगाला कणीक लावीत होते. पॅरिस, अमेरिका यांचे त्यांना काही वाटले नाही. तिकडच्या थंडीत इतकी कातडी सुरात राहिली कशी, एवढेच त्यांनी विचारले.