हवेतला ओलावा मोजणारा माणूस : विलिस कॅरियर

रंगीत पुरवणी छापताना कधीतरी एक विचित्र प्रकार घडतो. नटीच्या ओठांचा लाल रंग ओठांवर न बसता हनुवटीकडे सरकतो आणि सुंदर चेहऱ्याचे सोंग होते. चार रंग कागदावर एकामागून एक चढतात. मधल्या वेळात कागद केसभर जरी फुगला किंवा आक्रसला, तरी दुसरा रंग पहिल्याच्या जागी बसत नाही. आज हा दोष क्वचितच दिसतो. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याला मात्र त्याने हैराण करून सोडले होते. ‘जज’ हे विनोदी साप्ताहिक तेथे रंगीत छापले जाई. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत कागद ओलावा शोषून घेई, कोरड्या दिवशी तो सोडून देई, आणि छापलेले गठ्ठे वाया जात. आज आपल्या शयनगृहाच्या भिंतीवर बसलेल्या एसीचा जन्म या कागदाच्या दुखण्यातून झाला. माणसाला गारवा मिळावा, हा त्यामागचा हेतूच नव्हता.

ते दुखणे ज्यांच्याकडे आले, ते विलिस हॅविलँड कॅरियर तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. नोकरीला लागून त्यांना जेमतेम एक वर्ष झाले होते. २६ नोव्हेंबर २०२६ रोजी त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण होतात.

न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराच्या काठाजवळ अँगोला नावाचे छोटे गाव आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात १८७६ साली त्यांचा जन्म झाला. घरात ते एकुलते एक मूल होते आणि भोवती सारी वडीलधारी माणसे. आईला यंत्रांची विलक्षण जाण होती. घरातली घड्याळे आणि शिवणयंत्रे ती स्वतः दुरुस्त करी. लहानग्या विलिसला अपूर्णांक काही केल्या कळेनात, तेव्हा तिने तळघरातून सफरचंदांची टोपली आणवली आणि एकेक फळ अर्धे, पाव, अष्टमांश असे कापून त्या तुकड्यांची बेरीज-वजाबाकी त्याच्याकडून करवून घेतली. कोणताही प्रश्न हाताला धरता येईल अशा तुकड्यांत मांडायचा, ही सवय त्यांना तेथे लागली. विलिस अकरा वर्षांचे असताना आई गेली.

पुढचे शिक्षण सरळ झाले नाही. १८९३ च्या आर्थिक संकटाने घरची घडी विस्कटली. काही काळ त्यांनी गावच्या शाळेत शिकवले. १८९७ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉर्नेल विद्यापीठाची दारे उघडली. राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी त्यांनी लोकांच्या अंगणातले गवत कापले, भट्ट्या पेटवल्या. १९०१ मध्ये ते अभियंता होऊन बाहेर पडले आणि बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला दहा डॉलर पगारावर रुजू झाले. ही कंपनी भट्टीचे भाते, पंखे आणि गरम हवेची यंत्रे बनवी. लाकूड आणि कॉफी वाळवण्याच्या यंत्रांची आखणी करताना कॅरियर यांच्या ध्यानात आले की ही सारी कामे अंदाजाने चालतात. किती हवा, किती उष्णता, किती ओलावा, याचे पक्के आकडे कोणाकडेच नव्हते. त्यांनी रात्री जागून प्रयोग केले आणि आपली कोष्टके स्वतः तयार केली.

ब्रुकलिनच्या छापखान्याचा प्रश्न कंपनीच्या न्यूयॉर्क कार्यालयातले जे. अर्विन लाइल घेऊन आले. कॅरियर यांनी काढलेल्या आराखड्यांवर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. एका बाजूने नळ्यांतून थंड पाणी फिरवायचे, त्या नळ्यांवरून हवा सोडायची, हवेतले बाष्प नळ्यांवर दवासारखे जमून गळून जाईल, अशी ती योजना होती. हिवाळ्यात ७० अंश फॅरनहाइट, उन्हाळ्यात ८० अंश (सुमारे २७ अंश सेल्सिअस), आणि वर्षभर आर्द्रता ५५ टक्के, हे लक्ष्य त्यांनी ठरवले होते. त्यासाठी लागणारा थंडावा दिवसाला १ लाख ८ हजार पौंड बर्फ वितळण्याइतका होता. यातला उन्हाळ्याचा आकडा पुन्हा वाचावा. २७ अंश म्हणजे काही गारठा नव्हे. महत्त्व होते ते ५५ या आकड्याला.

कॅरियर यांचे त्यावर समाधान झाले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर ते गाडीची वाट पाहत उभे होते. भोवती दाट धुके होते. धुके म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेली हवा. पण ती हवा थंड असल्याने भरलेली असूनही तिच्यात पाणी थोडेच असते. कॅरियर यांना वाटले, असे धुके आपणच तयार केले तर? थंड पाण्याच्या बारीक तुषारांतून हवा सोडली की ती त्या पाण्याच्या तापमानाला येते आणि पूर्ण भरते. भरलेल्या हवेत किती पाणी मावते हे केवळ तिच्या तापमानावर ठरते. म्हणजे तुषारांचे पाणी किती थंड ठेवायचे हे आपल्या हाती असेल, तर बाहेर पडणाऱ्या हवेत नेमके किती बाष्प असेल हेही आपल्याच हाती आले. मग ती हवा हवी तितकी गरम करून खोलीत सोडायची. पाण्याने हवा कोरडी करायची, ही कल्पना ऐकणाऱ्याला वेडेपणाची वाटे. २ जानेवारी १९०६ रोजी त्यांना या यंत्राचे पेटंट मिळाले.

आपल्याकडे एसीची चर्चा किती टनाचा आणि किती स्टारचा एवढ्यावर थांबते, म्हणून येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. कॅरियर यांच्या पद्धतीत दोन स्वतंत्र कळा होत्या. एक थर्मोस्टॅट तुषारांच्या पाण्याचे तापमान राखी, म्हणजेच खोलीतला ओलावा ठरवी. दुसरा खोलीचे तापमान ठरवी. थर्मोस्टॅट हे उपकरण त्यांनी शोधले नव्हते. ते आधीपासून वापरात होते आणि इमारती गरम ठेवणाऱ्या भट्ट्या त्यावर चालत. कॅरियर यांनी केले ते असे की तापमान मोजणाऱ्या साध्या उपकरणाकडून त्यांनी ओलाव्याचा कारभार करवून घेतला. माणसाने दर तासाला येऊन झडप उघडायची वा मिटायची, ही गरज संपली. यंत्र हवेची अवस्था पाही आणि स्वतःच निर्णय घेई.

गिरण्यांना हे लगेच उमजले. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कापडगिरण्यांत कोरड्या हवेत सूत तुटे, म्हणून तेथे हवेत ओलावा भरावा लागे. त्याच गिरण्यांसाठी काम करणारे स्टुअर्ट क्रेमर यांनी १९०६ मध्ये या साऱ्या खटाटोपाला वातानुकूलन या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. ते नाव कॅरियर यांचे नव्हे, पण पुढे त्यांनाच चिकटले. १९०७ मध्ये त्यांचे यंत्र जपानमध्ये योकोहामाच्या रेशीमगिरणीत पोहोचले. १९११ च्या डिसेंबरात त्यांनी अमेरिकेच्या यंत्र-अभियंत्यांच्या सभेत आपला निबंध वाचला. हवेचे तापमान, तिच्यातले बाष्प आणि दवबिंदू यांचे नाते त्यांनी त्यात सूत्रांत आणि आलेखात बांधून दिले. या विषयाचा विद्यार्थी आजही त्याच घराण्यातला आलेख समोर ठेवून हिशेब करतो.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा बफेलो फोर्जने हात आखडता घेतला आणि फक्त कारखानदारीवर लक्ष द्यायचे ठरवले. कॅरियर, लाइल आणि आणखी पाच अभियंत्यांनी १९१५ मध्ये ३२,६०० डॉलर जमवून स्वतःची कंपनी काढली. हिशेबात इतके पक्के असलेले कॅरियर रोजच्या व्यवहारात मात्र विसराळू होते. एकदा ते प्रवासाला निघाले तेव्हा पेटीत केवळ एक हातरुमाल होता, अशी आख्यायिका सांगतात.

माणसांच्या गारव्याची पाळी आली ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. तोवरची शीतकयंत्रे अवजड होती आणि त्यांत विषारी अमोनिया असे. १९२२ मध्ये कॅरियर यांनी चक्रगतीने चालणारे, अधिक सुरक्षित द्रव वापरणारे नवे यंत्र जाहीरपणे दाखवले. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन दुकानात ते बसले, कारण तेथील तळघरातल्या स्वस्त विक्रीच्या दिवशी गर्दीत लोकांना घेरी येई. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहाची कसोटी होती. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला. प्रेक्षक, विशेषतः स्त्रिया, हातपंख्यांनी वारा घेत बसल्या होत्या. चित्रपटव्यवसायातले बडे प्रस्थ अडॉल्फ झुकोर वरच्या सज्ज्यातून हे पाहत होते. हळूहळू एकेक पंखा थांबू लागला आणि शेवटी सगळे मांडीवर विसावले. कॅरियर यांना मोजमापाची गरज उरली नाही. झुकोर यांनीही लोकांना हे आवडेल अशी पावती दिली. १९२८ मध्ये अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात आणि पुढच्या वर्षी सिनेटमध्ये हे वातानुकूलन पोहोचले.

घर मात्र दूरच राहिले. १९१४ मध्ये मिनियापोलिसच्या गेट्स या धनिकाच्या वाड्यात एक यंत्र बसले होते. ते सात फूट उंच आणि वीस फूट लांब होते, आणि ज्याच्यासाठी वाडा बांधला तो राहायला येण्याआधीच वारला होता. १९२८ मध्ये कॅरियर यांनी घरगुती यंत्र बाजारात आणले. पाठोपाठ महामंदी आली आणि लोकांची खरेदीच थांबली.

यंत्र पुढे घरात आले तेव्हा ते लहान आणि स्वस्त झाले होते, आणि त्या घाईत कॅरियर यांच्या दोन कळांपैकी एक गळून पडली. घरातला एसी फक्त तापमान बघतो. कॉम्प्रेसर चालू असेतोवर गार नळ्यांवर बाष्प जमते आणि पाइपातून बाहेर ठेवलेल्या बादलीत ठिबकते. खोली कोरडी होते ती ओघाओघाने. गोव्यात मे महिन्यात हे पुरते. जुलैच्या रात्री पुरत नाही. बाहेरच २६-२७ अंश असतात, हवा पाण्याने जड असते. आपण २४ वर एसी लावतो, खोली तेथवर लगेच पोहोचते आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र ओल्या नळ्यांवरून वारा सोडत राहतो आणि जमलेले पाणी परत खोलीत येते. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर थांबण्याऐवजी मंदावतो, तेव्हा नळ्या पुरेशा गार राहत नाहीत. खोली थंड आणि चादर दमट, हा अनुभव मांडवीच्या काठी राहणाऱ्या कोणालाही नवा नाही. आमच्या घरातल्या कपाटातील पुस्तकांवर श्रावणात पांढरी बुरशी चढते, ती एसीच्या खोलीतही.

एसी फोनला आणि घरातल्या इतर उपकरणांना जोडण्याची सोय आता झाली आहे. जाहिराती सांगतात ती ऑफिसातून घरी निघताना खोली गार करून ठेवण्याची गोष्ट. खरा लाभ आहे तो गळालेली कळ परत मिळण्यात. तापमान आणि आर्द्रता दोन्ही मोजणारा छोटा सेन्सर उशाजवळ, पण एसीचा झोत थेट लागणार नाही असा ठेवायचा. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर काही मिनिटे टिकली तर एसी ड्राय मोडवर जावा आणि ती उतरली की परत यावा, एवढा नियम ॲपमध्ये घालता येतो. बंद आणि चालू यांत किमान पाच मिनिटे सोडावीत, नाहीतर कॉम्प्रेसरचे हाल होतात. जुन्या एसीला रिमोटसारखा संदेश पाठवणारी डबी लावली असेल तर आणखी एक अडचण असते. रिमोट सांगतो, एसी उत्तर देत नाही. वीज जाऊन आली की फोनच्या लेखी एसी चालू आणि प्रत्यक्षात बंद. अशा वेळी सेन्सर साक्षीदार ठरतो. आज्ञा देऊन पंधरा मिनिटांत दोन्ही आकडे हलले नाहीत तर फोनने तसे कळवावे, असा दुसरा नियम घालता येतो. पावसाळ्यात इंटरनेटही विजेसोबत जाते, म्हणून हे नियम दूरच्या सर्व्हरवर न ठेवता घरातल्याच छोट्या हबवर ठेवलेले बरे.

खोलीगणिक स्वतंत्र नियंत्रण हा विचारही कॅरियर यांनी हयातीत केला होता. १९३९ मध्ये त्यांनी उंच इमारतींसाठी अशी योजना आणली की मध्यवर्ती यंत्रातून हवा बारीक नळांतून वेगाने खोल्यांत जाई आणि राहणारा माणूस आपल्या खोलीतली हवा आपल्या पसंतीने जुळवून घेई. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कंपनीने बर्फाच्या घराच्या आकाराचे दालन उभारून भविष्यातल्या घरांचे वातानुकूलन लोकांना दाखवले. मग युद्ध आले. उंच आकाशातील कडाक्याच्या थंडीत विमानाची इंजिने कशी वागतात, हे तपासण्यासाठी क्लीव्हलँडला वातविवर बांधले जात होते. तेथील हवा गोठवणाऱ्या यंत्रणेचे काम कॅरियर यांच्याकडे आले, आणि आयुष्यातल्या सर्व कामांत त्यांना त्याचाच अधिक अभिमान वाटे.

७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. खिडकीत बसणाऱ्या एसींची लाट अमेरिकी घरांत त्यानंतरच्या काही वर्षांत आली.