मागे बसलेला उस्ताद

तरावीहच्या नमाजातली एक गोष्ट मशिदीबाहेरच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. पुढे उभा राहून मुखोद्गत कुरआन ऐकवणारा हाफिज पुष्कळदा अठरा-वीस वर्षांचा पोरगा असतो. त्याच्या मागे पहिल्या सफीत त्याचा उस्ताद किंवा दुसरा एखादा हाफिज कान देऊन उभा असतो. पोरगा अडखळला की मागून नेमका शब्द येतो. याला लुकमा देणे म्हणतात. पोरगा तो उचलतो आणि पुढे जातो.

कुरआनपठण आणि वाद्यवादन एका पारड्यात घालण्याचा माझा इरादा नाही. पण लहानाला पुढे करून मोठ्याने मागे थांबायचे, ही शिकवण्याची रीत पाहिली की मला अमेरिकेतल्या एका ड्रमवादकाची आठवण येते. त्यांचे नाव आर्ट ब्लेकी. इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी अब्दुल्लाह इब्न बुहैना हे नाव घेतले आणि सोबतचे वादक त्यांना नुसते ‘बू’ म्हणू लागले.

जॅझ म्हटले की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ‘अलबेला’ची गाणी आठवतील. सी. रामचंद्र यांच्या त्या संगीतात चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकाचा हात होता. गोव्यातले असे कितीतरी वादक लहानपणी पॅरिश शाळेत कागदावरचे नोटेशन वाचायला शिकून आलेले. ब्लेकींना मात्र नोटेशन वाचता येत नव्हते. तरीही जॅझची सर्वांत मोठी शाळा त्यांनीच चालवली, आणि तिला ना इमारत होती ना फी.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१९ रोजी पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात झाला. आई तान्हेपणीच गेली, वाढवले दुसऱ्यांनी. कोवळ्या वयात पोलाद कारखान्यात काम आणि रात्री क्लबात पियानो, असे दिवस निघाले. पियानो ऐकून ऐकूनच आलेला. पुढे एरल गार्नर नावाचा दुसरा मुलगा पियानोवर बसला आणि क्लबमालकाने ब्लेकींना ड्रमकडे पिटाळले. मालकाच्या हातात त्या वेळी पिस्तूल होते, असे ते रंगवून सांगत. पिस्तूल खरे असो वा नसो, गार्नर पुढे नामांकित पियानोवादक झाला, तेव्हा मालकाचा कान चांगला होता म्हणायचे.

ब्लेकींची खरी तालीम १९४४ पासून बिली एक्स्टाइनच्या बँडमध्ये झाली. तिथे डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर होते. जॅझमध्ये आधी सगळे मिळून धून वाजवतात आणि मग त्याच धूनच्या चौकटीत एकेक जण ऐन वेळी सुचेल ते वाजवतो. हे पुस्तकातून येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, चुकून, टोमणा खाऊन येते. आपल्या घराण्यांतल्या उस्तादामागे तंबोरा घेऊन बसणाऱ्या शागिर्दांना हे वेगळे सांगायला नको.

चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस ते पश्चिम आफ्रिकेत गेले. ड्रमसाठी नव्हे, धर्म आणि तत्त्वज्ञान शिकण्यासाठी गेलो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळात अनेक काळे वादक इस्लामकडे वळत होते. युसेफ लतीफ, अहमद जमाल ही त्यातलीच नावे. पंजाबातल्या कादियानहून अमेरिकेत गेलेल्या अहमदिया प्रचारकांचा त्यात मोठा वाटा होता. गुलामगिरीच्या काळात मालकाकडून चिकटलेले आडनाव टाकून माणूस म्हणून उभे राहण्याची ओढही होतीच.

१९५० च्या दशकाच्या मध्याला पियानोवादक होरेस सिल्व्हर यांच्याबरोबर त्यांचा ‘जॅझ मेसेंजर्स’ हा बँड उभा राहिला. १९५६ मध्ये सिल्व्हर बाहेर पडले. नाव ब्लेकींकडे राहिले आणि तिथून पुढे तीन दशकांहून अधिक काळ शाळा भरत राहिली.

ती चालायची कशी? ब्लेकी विशी-बाविशीतली पोरे निवडत. नवी धून रचायचे काम त्यांच्यावरच टाकत. स्वतः एकदोनदा ऐकून ती धून अशी उचलत की रचणाऱ्यालाच तिची ताकद नव्याने कळावी. खरा धडा मंचावर मिळे. पोरगा पुढे ट्रम्पेट वाजवतोय, मागे ब्लेकी. पोरगा तेच ते वाजवू लागला की मागून दोन्ही काठ्यांचा दाट रोल उठायचा, लाटेसारखा फुगत जायचा. त्यावर स्वार व्हा, नाहीतर बुडा. कुणी लांबण लावली तर तोच रोल त्याला आवरते घ्यायला सांगे. दम खाऊन पुन्हा उभे राहायला शिकवणारा असा मास्तर परवडत नाही, पण विसरताही येत नाही.

१९५८ मध्ये त्यांनी ‘मोनिन’ ध्वनिमुद्रित केले. तेव्हा ट्रम्पेटवरचा ली मॉर्गन वीस वर्षांचा होता आणि धून पियानोवर बसलेल्या बॉबी टिमन्सची होती. पियानो एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत होकार देतात. चर्चमधल्या ‘आमेन’चा तो होकार. दुआनंतर आपण ‘आमीन’ म्हणतो, तोच शब्द. बँडचा म्होरक्या मुसलमान, सूर चर्चचा, आणि कुणाला त्याचे अवघड वाटले नाही.

ब्लेकी संत नव्हते. हेरॉइनच्या व्यसनाने त्यांना बरीच वर्षे ग्रासले होते. रमजानच्या पानावर लिहितो म्हणून हे झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. अशा माणसाच्या हाताखाली कोवळी पोरे धाडताना आईबापांना काय वाटत असेल, हा प्रश्न उरतोच.

तरी पोरे येत राहिली. वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, सीडर वॉल्टन, कीथ जॅरेट याच बँडमधून गेले. तोवर अमेरिकेतल्या महाविद्यालयांत जॅझची पदवी मिळू लागली होती, नोटेशन पाजळून वाचणारे विद्यार्थी तयार होत होते. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिकणारा विंटन मार्सेलिस या नोटेशन न वाचणाऱ्या म्हाताऱ्याकडे आला. तालीम पुरी झाली की ब्लेकी कुणाला धरून ठेवत नसत. चांगला झालेला पोरगा निघाला पाहिजे, स्वतःचा बँड काढला पाहिजे, हा त्यांचा नेम. आपल्या उत्तम शागिर्दाला दाराबाहेर काढायला किती उस्तादांचे काळीज होते, हे संगीताच्या इतिहासात डोकावणाऱ्याला माहीत आहे.

शेवटी कान जवळजवळ गेले होते. श्रवणयंत्र त्यांना नको असे. पोरांचे वादन ते बरेचसे कंपनांवरून ओळखत आणि रोल तरीही वेळेवर येई. १६ ऑक्टोबर १९९० रोजी, एकाहत्तर पुरी झाल्यावर पाचच दिवसांनी, फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. स्मरणसभा हार्लेममधल्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये झाली. त्यांच्या तालमीतून निघालेल्या पोरांनी तिथे ‘मोनिन’ वाजवले.