रोखपालाची आगगाडी

आमच्या घरात रेल्वे हा कौतुकाचा विषय कधीच नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, दौंडच्या पुढे रेल्वेत गँगमन आहेत. हल्ली कागदोपत्री त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. पण हातातला हातोडा तोच, खांद्यावरचा पाना तोच आणि वैशाखात तापणारी खडीही तीच. ज्या गोष्टीमुळे वडील दिवाळीच्या पाडव्यालाही घरी नसतात ती गोष्ट म्हणजे आगगाडी, एवढीच लहानपणी माझी समजूत होती. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या कॉलेजची सहल पुण्याला गेली आणि कार्यक्रमात कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे असे कळले, तेव्हा मी मनातून नाराजच झाले. शनिवारवाडा घाईघाईत उरकायचा आणि खेळण्यातल्या गाड्या निवांत पाहायच्या, हा काय न्याय!

1998 साली सुरू झालेले हे संग्रहालय म्हणजे एका मोठ्या खोलीत मांडलेले अख्खे गाव आहे. वाफेचे इंजिन आहे, डोंगर चढणारी गाडी आहे, बुलेट ट्रेन आहे, सर्कशीचा तंबूसुद्धा आहे. दिवे मालवले की गावात रात्र होते आणि खिडक्याखिडक्यांतून उजेड दिसू लागतो. सगळ्यांच्या तोंडून एकच उद्गार निघाला. माझ्याही निघाला, हे कबूल केले पाहिजे. मात्र माझे लक्ष गाड्यांवरून लवकरच रुळांवर गेले. सांधे होते! एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी नेणारे अगदी बोटभर सांधे, आणि ते आपोआप बदलत होते. आमच्याकडे पूर्वी या कामाला सांधेवाला नावाचा स्वतंत्र माणूस असे.

खेळ संपल्यावर मैत्रिणी फोटो काढण्यात गुंतल्या. मी मात्र धीर करून, गाड्या चालवणारे गृहस्थ बटणांच्या टेबलाशी उभे होते तिकडे गेले. काय विचारावे ते कळेना. वडील रेल्वेत आहेत हे सांगावे की नाही, हेही कळेना. शेवटी अगदीच बाळबोध प्रश्न विचारला, की गाडी पुढची मागे कशी जाते. त्यांना हसू आले नाही. त्यांनी सांगितले, की इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, ती साधारण बारा व्होल्टची असते, आणि दोन रुळांतील धन व ऋण बाजू उलट केल्या की गाडीची दिशा उलटते. मग मी विचारले, गाडी घसरते का? घसरते, ते म्हणाले; आणि बहुधा गाडीचा दोष नसतो, रुळाचा असतो. एखादा जोड केसाएवढा वर उचललेला असतो, नाहीतर रुळावर धूळ बसलेली असते. नव्याने हा छंद करणाऱ्याने आधी एक साधे गोल रिंगण आणि एकच इंजिन घ्यावे, ते महिनाभर न अडता चालवून दाखवावे, मग पुढचे बोलावे, असा त्यांचा सल्ला होता. घाई करणाऱ्यांचे डबे फळीवर धूळ खात पडतात म्हणे.

बोलता बोलता त्यांनी मापांचा विषय काढला. एका प्रचलित मापात सगळे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे असते आणि दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. मी घरी आल्यावर वहीत गणित मांडले. विलायतेतील रुळांचे अंतर 1435 मिलिमीटर. त्याला 87 ने भागले तर बरोबर साडेसोळा येतात. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर मात्र 1676. त्याचे सव्वाएकोणीस व्हायला हवेत! म्हणजे त्या रुळांवर आपली गाडी चालवायची तर ती जरा आखडून उभी करावी लागणार. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी ते गणित पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितले.

त्याच बोलण्यात मी हॉर्नबी हे नाव प्रथम ऐकले. ते एका कंपनीचे नाव असावे असे मला वाटले होते. तो एक माणूस होता, आणि आयुष्याची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे तो दुसऱ्यांचे हिशेब लिहीत होता, हे मागाहून आमच्या सरांनी मिळवून दिलेल्या पुस्तकांतून कळले. मीही संध्याकाळी एका आडत दुकानात वह्या लिहिते. तेव्हा हा लेख मी का लिहिला, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

फ्रँक हॉर्नबीचा जन्म 15 मे 1863 रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी. शाळेत फ्रँकचे मन रमले नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्याच पेढीवर रोखपाल म्हणून बसला. इंजिनिअरिंगचे शिक्षण त्याने कधी घेतले नाही. मात्र लहानपणी सॅम्युअल स्माइल्स या लेखकाचे स्वावलंबनावरील पुस्तक त्याच्या हाती पडले होते आणि गरिबीतून वर आलेल्या संशोधकांच्या हकिकतींनी त्याला वेड लावले. त्या वेडापायी त्याने कायम फिरत राहणारे यंत्र करण्याचाही खटाटोप केला. असे यंत्र होऊच शकत नाही हे आज शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. पण ज्याला कोणी शिकवलेच नाही त्याने ते स्वतः करून पाहून शिकायचे, याखेरीज दुसरा मार्ग कोणता?

1887 मध्ये क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी त्याचा विवाह झाला. रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे झाले. पुढे 1899 मध्ये वडील वारले, पेढी बंद झाली आणि छत्तीस वर्षांचा हा गृहस्थ डेव्हिड एलियट नावाच्या मांसाच्या आयातदाराकडे हिशेबनीस म्हणून नोकरीला लागला. इथवरची त्याची गोष्ट तुमच्याआमच्या ओळखीच्या कितीतरी माणसांची आहे.

याच सुमारास तो मुलांसाठी घरी खेळणी करी. पूल, वाघिणी, याऱ्या अशी. प्रत्येक खेळण्याचा प्रत्येक भाग वेगळा घडवायचा, आणि मुलांचे मन उडाले की ते खेळणे अडगळीत टाकायचे, असा क्रम चाले. एकदा आगगाडीच्या प्रवासात खिडकीतून यारी पाहताना त्याला नवी कल्पना सुचली असे सांगतात. सुटे भाग सगळे एकाच मापाचे असले तर? मग आजची यारी मोडून उद्या त्याच तुकड्यांचा पूल करता येईल. त्याने पत्र्याच्या अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांना दर अर्ध्या इंचावर भोके पाडली. त्या भोकांत स्क्रू घालून नटाने पट्ट्या जोडता येत, आणि त्याच भोकांत चाकाचा कणाही बसे. सारे काही हाताने.

मला विचाराल तर त्याची सारी बुद्धिमत्ता या अर्ध्या इंचात आहे. हिशेबनिसाला रकाना ठाऊक असतो. रकान्याची रुंदी ठरली की आकडा कोणताही येवो, तो आपल्या जागी बसतो. इंजिनिअरला हे सुचले असते की नाही, मी सांगू शकत नाही. पण वह्या लिहिणाऱ्याला सुचले याचे मला आश्चर्य वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पुस्तकात कुठे दिलेले नाही.

1901 च्या जानेवारीत त्याने पेटंट घेतले. त्यासाठी लागणारे पाच पौंडही त्याच्याजवळ नव्हते. ते मालक एलियट यांनी उसने दिले, पुढे भागीदारी केली आणि आपल्या कचेरीशेजारची रिकामी जागाही दिली. 1902 मध्ये सोळा प्रकारच्या भागांची पेटी बाजारात आली. तिचे नाव सरळ होते, मेकॅनिक्स मेड ईझी, म्हणजे सोपे यंत्रशास्त्र. किंमत साडेसात शिलिंग. लिव्हरपूलच्या विद्यापीठातील इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या कल्पनेची शिफारस केली, तिचा भाग तयार करून देणारे कारखानदार मिळवताना मोठा उपयोग झाला. पदवी नसलेल्या माणसाला अखेर पदवीवाल्याच्या चिठ्ठीची गरज पडलीच. याचे मला थोडे वाईट वाटले, आणि प्राध्यापकांविषयी आदरही वाटला.

पण धंदा काही चालेना. पहिल्या वर्षांत जेमतेम दीड हजार पेट्या खपल्या. नफ्याचा पत्ता नव्हता. दिवसा मालकाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात स्वतःचा तोटा, असे त्याने चार वर्षे काढले. 1906 मध्ये पहिल्यांदा किंचित फायदा दिसला. 1907 मध्ये मागणी इतकी वाढली की बाहेरून भाग मिळेनात, तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि ड्यूक स्ट्रीटवर भाड्याच्या जागेत स्वतःचे भाग तयार करायला आरंभ केला. त्या वेळी त्याचे वय चव्वेचाळीस होते. त्याच वर्षी मेकॅनो हे नाव नोंदवले गेले. 1908 मध्ये कंपनी स्थापन होताना एलियट बाजूला झाले, आणि ज्याने पाच पौंड उसने घेतले होते तो एकटा मालक झाला. घरी त्या वेळी काय बोलणे झाले असेल? दोन मुलगे हाताशी आलेले, आणि कर्ता माणूस ठरलेला पगार सोडून पत्र्याच्या पट्ट्या विकायला निघालेला. आमच्या घरात असे कोणी केले असते तर आत्या नगरहून पहिल्या एसटीने आली असती.

पुढचे यश सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. 1914 मध्ये बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. 1916 मध्ये मुलांसाठी मासिक निघाले. महायुद्धापूर्वी इंग्लंडच्या दुकानांत जर्मन बनावटीच्या खेळण्यांतील गाड्या भरपूर असत. युद्धाने त्या थांबल्या. 1920 मध्ये हॉर्नबीने आपली आगगाडी आणली. ती किल्ली देऊन चालणारी होती, रुळांचे अंतर बत्तीस मिलिमीटर होते, आणि मेकॅनोप्रमाणेच तिचेही भाग नटबोल्टांनी जोडलेले असल्यामुळे ती सोडवून पुन्हा जोडता येई. 1925 मध्ये विजेवरची गाडी आली. 1928 मध्ये हॉर्नबी रेल्वे कंपनी या नावाने मुलांचा एक संघ निघाला. त्याचा बिल्ला असे, ठिकठिकाणी शाखा असत, आणि सभासदांनी खऱ्या रेल्वेच्या रीतीने गाड्या चालवाव्यात अशी अपेक्षा असे. कोथरूडच्या त्या बटणांच्या टेबलाशी मला जे शिस्तीचे बोलणे ऐकायला मिळाले, त्याचे मूळ कुठेतरी इथे असावे असे वाटते.

मुलांचा संघ, असे मी लिहिले. इथे मुले म्हणजे मुलगेच. पेट्यांच्या झाकणांवर मुलगे, मासिकात मुलगे, जाहिरातीत वडील आणि मुलगा. मुलींसाठी 1930 नंतरच्या दशकात याच कंपनीच्या डिंकी या मालिकेत बाहुलीघर आणि त्यातले फर्निचर निघाले. आणि बिन्स रोडच्या कारखान्यात या गाड्या जोडणारे, रंगवणारे, पेट्यांत भरणारे हात मात्र मोठ्या संख्येने बायकांचे होते! हॉर्नबीला दोष देऊन काय होणार, काळच तसा होता, असे आमच्या वर्गातील एका मित्राचे मत पडले. मला ते पुरतेसे पटलेले नाही. ज्याने पट्टीचे प्रत्येक भोक कोणत्याही कामाला चालावे असे योजले, त्याला हे सुचायला काय हरकत होती?

1931 ते 1935 हॉर्नबी लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातर्फे हुजूर पक्षाचा खासदार होता. त्या चार वर्षांचे मला विशेष आकर्षण नाही. 21 सप्टेंबर 1936 रोजी हृदयविकार व मधुमेह यांनी त्याचे निधन झाले. थोरला मुलगा रोलंड कंपनीचा अध्यक्ष झाला. साडेसोळा मिलिमीटर रुळांवरची कंपनीची छोटी गाडी 1938 मध्ये निघाली, म्हणजे ज्या मापामुळे मी वही उघडली ते माप आपल्या नावाने धावताना हॉर्नबीने पाहिलेच नाही. कंपनी 1964 मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेली आणि 1979 मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद पडला. आगगाड्यांवरचे नाव तेवढे टिकले.

ही सारी हकिकत मी घरी अण्णांना थोडी थोडी सांगत असे. त्या दिवसांत घरात दुसरेच एक बोलणे चालू होते. दुसरे वर्ष झाले की पुरे, आडतीवर पूर्ण वेळ वह्या लिहाव्यात, महिना बांधून मिळेल, असे चुलत्यांचे म्हणणे. आई गप्प. अण्णा काहीच बोलत नव्हते. फेब्रुवारीत त्यांना पुण्याला दवाखान्यात दाखवायचे होते. काम लवकर आटोपले, म्हणून मी त्यांना आग्रहाने कोथरूडला नेले.

अण्णांनी गाड्यांकडे पाहिलेच नाही म्हटले तरी चालेल. दिवे मालवून रात्र झाली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि ते वाकून एक सांधा पाहत होते. खेळ संपल्यावर त्यांनी चालवणाऱ्या गृहस्थांना विचारले, की रूळ रोज कोण पाहतो. त्या गृहस्थांनी खिशातून खोडरबरासारखा एक तुकडा काढला आणि रुळाच्या माथ्यावरून हळूच फिरवून दाखवला. तो काळा झाला होता. अण्णांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि आपली नोकरी सांगितली. मग दोघे कितीतरी वेळ रुळांच्या जोडांविषयी बोलत राहिले. मी नुसती उभी होते.

परतीच्या पॅसेंजरमध्ये गर्दी होती. उरुळी गेल्यावर जागा मिळाली. अण्णा खिडकीशी बसले, बाहेर बघत. यवत आले तेव्हा त्यांनी विचारले, की तिसऱ्या वर्षाचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरायचा असतो.