आंद्रेई मार्कोव्ह
आंद्रेई आंद्रेयेविच मार्कोव्ह (१४ जून १८५६, रियाझान – २० जुलै १९२२, पेत्रोग्राद) हे संभाव्यता सिद्धांतातील परावलंबी घटनांच्या अभ्यासाचा पाया घालणारे रशियन गणितज्ञ होते. 'मार्कोव्ह साखळी' ही संकल्पना त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

बालपणी गुडघ्याच्या विकारामुळे त्यांना कुबड्या घेऊन चालावे लागे. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पाफ्नुती चेबिशेव्ह हे गुरू त्यांना लाभले. १८८४ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १८८६ मध्ये ते विज्ञान अकादमीत दाखल झाले.

एक घटना घडल्याने दुसरीची संभाव्यता बदलत नसेल, तर त्या घटना स्वतंत्र होत. बदलत असेल, तर परावलंबी. नाणे मागील छापा-काटा लक्षात ठेवीत नाही. मात्र पिशवीतून काढलेला चेंडू परत टाकला नाही, तर पुढच्या चेंडूची संभाव्यता बदलते. प्रयोगांची संख्या वाढेल तशी सरासरी स्थिरावते, हा बृहत् संख्यांचा नियम याकोब बर्नुली यांनी स्वतंत्र प्रयोगांपुरता सिद्ध केला होता. मॉस्कोचे गणितज्ञ पावेल नेक्रासोव्ह यांनी १९०२ मध्ये स्वतंत्रता ही या नियमाची अनिवार्य अट ठरवली. विवाह, गुन्हे यांची सरासरी स्थिर दिसते. तेव्हा माणसांच्या कृती स्वतंत्र आहेत, म्हणजेच मानवाला इच्छास्वातंत्र्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुरेशी अट आवश्यकही असते असे मानण्याची ही चूक वरवर पाहता ध्यानात येत नाही. मार्कोव्ह यांनी १९०६ मध्ये, प्रत्येक पायरी लगतच्या मागील पायरीवर अवलंबून असलेल्या साखळ्या रचून, परावलंबी घटनांतही हा नियम टिकू शकतो हे सिद्ध केले.

१९१३ मध्ये त्यांनी पुश्किन यांच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातील पहिली २०,००० अक्षरे हाताने मोजली. त्यांत ८,६३८ स्वर व ११,३६२ व्यंजने निघाली. अक्षरे स्वतंत्रपणे येत असती, तर लागोपाठ दोन स्वरांच्या सुमारे ३,७०० जोड्या मिळायला हव्या होत्या. मिळाल्या अवघ्या १,१०४. स्वरानंतर स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८, तर व्यंजनानंतर ती ०.६६३ भरली. तरीही स्वरांचे एकूण प्रमाण स्थिरच होते. एवढ्या कंटाळवाण्या मोजणीतून इतके निर्णायक उत्तर क्वचितच मिळते.

स्वभावाने ते निर्भीड, किंबहुना भांडखोर होते. १९०२ मध्ये माक्सिम गॉर्की यांची अकादमीतील निवड झारच्या इच्छेवरून रद्द झाली, तेव्हा त्यांनी निषेध नोंदवला. विद्यार्थ्यांवर पाळत ठेवण्याचे सरकारी काम त्यांनी १९०८ मध्ये नाकारले. १९१२ मध्ये तर आपल्याला चर्चमधून बहिष्कृत करावे असा अर्जच त्यांनी केला. रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशतकी उत्सवाच्या वर्षी, १९१३ मध्ये, त्यांनी बर्नुली यांच्या नियमाची द्विशताब्दी साजरी करविली.

क्रांतीच्या वर्षी, १९१७ मध्ये, ते झारायस्क या छोट्या गावी गेले आणि तेथील शाळेत विनावेतन गणित शिकवू लागले. पुढे ते पेत्रोग्रादला परतले व तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच नावाचे त्यांचे पुत्रही (१९०३–१९७९) गणितज्ञ होते.