मुमताज महल: बुऱ्हाणपुरातला अखेरचा मुक्काम

अर्जुमंद बानूचा जन्म १५९३ चा. १६१२ मध्ये शहाजहानशी लग्न झालं, पुढे ती मुमताज महल झाली. दख्खनच्या मोहिमेत ती नवऱ्यासोबत बुऱ्हाणपूरला आली. जून १६३१ मध्ये इथेच चौदाव्या बाळंतपणात ती गेली, मुलगी वाचली. दरबारी हकीम असूनही इलाज चालला नाही. पण थोरली लेक जहांआरा उशाशी होती, निरोप मिळताच बादशहाही आला. तापीपलीकडे जैनाबादला तिला दफन केलं. डिसेंबरात देह आग्र्याला नेला.

इलाज संपल्यावरही सेवा उरते. मरणपंथावरच्या माणसासाठी भारतातलं पहिलं केंद्र, शांती आवेदना सदन, मुंबईत १९८६ साली निघालं. असं केंद्र निवडताना दोनच गोष्टी आधी विचाराव्या: दुखणं शमवणारं औषध रात्रीही मिळतं का, आणि घरच्यांना उशाशी बसू देतात का?