विनारेडिओचं विमान उडवणाऱ्या जेआरडी टाटांना मोठा घाव रेडिओवरच्या एका गैरसमजानं दिला

पोलादपूर सोडून घाटाला लागलं की मोबाइलची रेंज कधी जाईल सांगता येत नाही. वळण घेतलं की दोन कांड्या, पुढच्या वळणाला शून्य. महाड-पोलादपूरच्या माणसाला याचं कौतुक नाही, सवय आहे. पण रेंज नसणं म्हणजे काय हे या दोन तालुक्यांनी २२ जुलै २०२१ ला फार वाईट पद्धतीनं अनुभवलं. महाडमध्ये पुराचं पाणी शिरलेलं, तळिये गावावर डोंगर आला, पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड कोसळली आणि फोन बंद. मदत मागायची तर कुणाकडं आणि कशी?

याच डोंगरांच्या डोक्यावरून मुंबईहून गोव्याकडं, केरळकडं जाणारी विमानं रोज दिसतात. त्या विमानातला पायलट मात्र खालच्या कंट्रोलरशी आरामात बोलत असतो. कारण विमानाचा व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो. विमान जितकं उंच तितकं लांबचं ऐकू येतं, आणि तेच विमान खाली उतरून डोंगराआड गेलं की आवाज तुटतो. घाटात आपल्या मोबाइलचं जे होतं, तेच.

आज बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी विमान शिकायला जाणाऱ्या पोरापोरींना हँडल धरण्याइतकंच या रेडिओवर बोलायला शिकावं लागतं. त्याची वेगळी परीक्षा असते, वेगळा परवाना असतो. आरटीआर म्हणतात त्याला. भल्याभल्यांना ही परीक्षा घाम फोडते.

आणि गंमत बघा, भारतात पायलटचं पहिलं लायसन ज्या माणसाला मिळालं, त्यानं देशाची पहिली टपाल विमानसेवा सुरू केली तेव्हा त्याच्या विमानात रेडिओच नव्हता.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी. २९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये जन्म. आई सुझान फ्रेंच, लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं. वडील आरडी टाटा, जमशेटजींच्या नात्यातले आणि कंपनीत भागीदार. बालपण फ्रान्स, मुंबई, जपान असं विभागलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब फ्रान्समधल्या आर्देलो नावाच्या समुद्रकाठच्या गावी जायचं. शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानानं ओलांडणारा पहिला माणूस! त्याच्या गटाची विमानं तिथल्या वाळूवर उतरायची आणि हे पोरगं डोळे फाडून बघत बसायचं. पंधराव्या वर्षी एका विमानात फेरी मारायला मिळाली आणि विषय तिथंच संपला. नाद लागला तो लागलाच.

पण विमान शिकायला मिळेपर्यंत पुढची नऊ-दहा वर्षं गेली. मध्ये फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी झाली, १९२५ ला टाटांच्या कंपनीत उमेदवारी सुरू झाली, १९२६ ला वडील गेले. १९२८ ला जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी तिथं पोहोचले. शिक्षकासोबत फक्त पावणेचार तास उडाल्यावर त्यांना एकट्याला विमान देण्यात आलं. १० फेब्रुवारी १९२९ ला लायसन हातात पडलं, त्यावर नंबर होता १.

तेव्हा शिकाऊ पायलटला रेडिओ हा विषयच नव्हता. मोठ्या विमानांत वायरलेस असायचा, पण तो जड, त्याला वेगळा ऑपरेटर, आणि काम बरंचसं मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर. जुहूच्या छोट्या मॉथ विमानात माणूसच कसाबसा मावायचा. वाट शोधायची ती रेल्वेचे रूळ बघून, नदी बघून, किनारा धरून. उतरताना वारा कुठला हे खाली फडकणाऱ्या कापडावरून ओळखायचं. समोरून दुसरं विमान येतंय का, हे डोळ्यांनीच बघायचं.

१९३० ला आगा खान यांच्या बक्षिसासाठी शर्यत लागली. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्यानं विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून, म्हणजे इंग्लंडहून, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचे स्पार्क प्लग गेलेले आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. तो अस्पी काही तासांनी शर्यत जिंकला! पुढं हाच पोरगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आज अस्पीला काय झालं असतं? बिघाड झाल्याचं त्यानं रेडिओवर कळवलं असतं. तेव्हा मदत मिळाली ती फक्त योगायोगानं, दोघं एकाच ठिकाणी उतरले म्हणून.

त्याच सुमारास नेव्हिल विन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला जुना गडी टाटांकडं आला. इंग्लंडहून येणारी टपाल कराचीपर्यंत विमानानं यायची आणि पुढं रेल्वेनं. ती कराचीहून मुंबई-मद्रासला विमानानं न्यावी, अशी त्याची योजना. दोराबजी टाटांचा जीव काही यात रमत नव्हता, पण जॉन पीटरसन या अधिकाऱ्यानं त्यांना राजी केलं. सरकारनं अनुदान द्यायला नकार दिला. शेवटी विनाअनुदान १९३२ ला करार झाला. भांडवल सुमारे दोन लाख रुपये.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून जेआरडी पुस मॉथ विमान घेऊन निघाले. सोबत २५ किलोच्या आसपास टपाल, डोळ्यांवर गॉगल आणि हिशोबाला स्लाइड रूल. रेडिओ नाही, जमिनीवर दिशा दाखवणारी कसली यंत्रणा नाही. अहमदाबादला पेट्रोल भरलं, ते पेट्रोलही बैलगाडीतून आलेलं. दुपारी दोनच्या आधी विमान जुहूला टेकलं. तिथून विन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेला.

लोक याला धाडस म्हणतात आणि ते होतंच. पण माझ्या मते खरी कमाल पुढच्या वर्षांत आहे. पहिलं उड्डाण कोणीही छाती ठोकून करेल, तेच रोजच्या वेळापत्रकात बसवणं वेगळं. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखल व्हायचं, भरतीचं पाणी आत यायचं. मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला. आणि पुणे-मुंबई म्हणजे मध्ये सह्याद्री. जून-जुलैत ज्यानं महाडहून वरंधा किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलाय त्याला माहितीये, दहा फुटांवरचं दिसत नाही. त्या ढगांत रेडिओशिवाय विमान घालायचं नाही, वाट बघायची किंवा वळसा घालायचा, हे पायलटनं स्वतःच ठरवायचं. खालून कुणी सांगणार नव्हतं. तरीही वेळेवर टपाल पोहोचवण्यात या चिमुकल्या कंपनीनं नाव काढलं. १९३५ ला मुंबई-गोवा-कन्नूर-त्रिवेंद्रम अशी कोकणावरून जाणारी सेवाही सुरू झाली.

रेडिओ पुढच्या काळात हळूहळू आला. १९३८ ला ३४ व्या वर्षी जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. विन्सेंट १९४२ ला युद्धकाळात विमानातच गेला. १९४६ ला टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली आणि ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस नावाचं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, त्यात जेआरडी स्वतः बसले होते. १९५३ ला सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींचा विरोध होता, पण नेहरूंच्या आग्रहानं अध्यक्षपदी राहिले. विमानातला चहा आणि कॉफी रंगावरून वेगळे ओळखू येतात का, पडदे कसे आहेत, असल्या गोष्टींच्या चिठ्ठ्या लिहून अधिकाऱ्यांना वैताग आणत राहिले. १९६० ला बोइंग ७०७ आलं.

आता त्या घावाकडं येऊ.

पहिला दणका मलबार प्रिन्सेसचाच. ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाकडं जाताना हे विमान आल्प्समधल्या मॉं ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण गेले.

पंधरा वर्षांनी तसंच पुन्हा घडलं. २४ जानेवारी १९६६, बोइंग ७०७, नाव कांचनजंगा. मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरायला निघालेलं. विमानात ११७ माणसं, त्यात होमी भाभा. टीआयएफआर उभी करण्यासाठी ज्या भाभांच्या मागं जेआरडी उभे राहिले, तेच. दिशा दाखवणाऱ्या दोन रिसीव्हरपैकी एक बैरूतपासून बंद होता. त्यामुळं मॉं ब्लाँच्या मानानं आपण नेमके कुठं आहोत याचा पायलटचा अंदाज चुकला. तोच अंदाज त्यानं रेडिओवर सांगितला.

इथं नीट लक्ष द्या. जिनिव्हाच्या कंट्रोलरला ही चूक कळली होती. रडारवर त्याला विमानाची खरी जागा दिसत होती आणि त्यानं ती रेडिओवरून सांगितली. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. पायलटला वाटलं, पर्वताची धार आपण ओलांडली. त्यानं उतरणं चालू ठेवलं. सुमारे ४८०० मीटर उंचीच्या त्या पर्वतावर, जुन्या अपघाताच्या जागेजवळच, विमान आदळलं. कोणी वाचलं नाही. चौकशीत हेच कारण पुढं आलं. भाभांच्या मृत्यूमागं परकीय हात होता अशा कथा अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. चौकशीत निघालेलं कारण त्या कथांपेक्षा साधं आहे, आणि मला तरी ते जास्त अस्वस्थ करतं. बोलणारा बरोबर होता, ऐकणाराही बहिरा नव्हता, रेडिओ चालू होता. तरी निरोप पोहोचला नाही.

असं आपल्याकडंही घडता घडता नाही, तर घडलंच होतं. जुलै १९६२ मध्ये मुंबईला उतरायला आलेलं अलितालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं, ९४ मृत्यू. पायलटला वाटलं आपण मुंबईच्या अजून जवळ आलोय, म्हणून विमान आधीच खाली घेतलं. कंट्रोलरसमोर पायलट सांगेल तेवढंच चित्र असेल, तर चुकीचा अंदाज रेडिओवर अगदी खात्रीशीर वाटतो.

आज शिकाऊ पायलटकडून रीडबॅक घोटून घेतात ते याचसाठी. कंट्रोलरनं सांगितलेली उंची, धावपट्टी, फ्रिक्वेन्सी पायलटनं जशीच्या तशी परत म्हणायची. चुकलं तर कंट्रोलर तिथंच दुरुस्त करतो. नुसतं हो, समजलं म्हटलं तर परीक्षेत गुण जातात. ए, बी, सी ऐवजी अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणायचं, नाइनचं नाइनर करायचं, कारण खरखरीत आवाजात बी आणि डी, फाइव्ह आणि नाइन सारखेच वाटतात. टेकऑफ हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी डिपार्चर म्हणायचं. हा धडा १९७७ च्या टेनेरिफच्या अपघाताचा, तिथं धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली.

पण शब्द नीट असले म्हणजे सगळं नीट होतं असंही नाही. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं सम्राट अशोक हे जंबो सांताक्रूझवरून उडालं. कंट्रोलशी शेवटचं बोलणं नववर्षाच्या शुभेच्छांचं झालं. रेडिओ स्वच्छ होता. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं, बाहेर अंधारा समुद्र, आणि काही क्षणांत विमान वांद्र्यासमोर पाण्यात गेलं. २१३ मृत्यू.

महिन्याभरात मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. बातमी त्यांना इतरांकडून कळली, सरकारचं पत्र नंतर आलं. ४५ वर्षं स्वतःच्या पोरासारखी सांभाळलेली कंपनी. १९८० ला इंदिरा गांधींनी त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतलं, अध्यक्षपद मात्र परत आलं नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ ला पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. ७८ वर्षांचे जेआरडी कराचीला गेले आणि जुन्या लेपर्ड मॉथ विमानात बसून, अहमदाबादला थांबत, पुन्हा जुहूला येऊन उतरले. १९९२ ला भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला ते गेले, तेही जिनिव्हातच. कांचनजंगा ज्या शहरात उतरायला निघालं होतं, तिथं.