ठिपक्यांमधून उलगडलेलं इन्शुलिन

घरात कुणी इन्शुलिन घेत असेल, तर त्याची बाटली फ्रिजच्या दारात असतेच. त्यातला अणू न् अणू कुठे बसलाय, हे शोधायला एका बाईंनी तब्बल ३४ वर्षं घालवली. त्या डोरोथी हॉजकिन.

१९१० साली कैरोत जन्मलेली डोरोथी इंग्लंडमध्ये शिकली. शाळेत रसायनशास्त्र मुलांसाठीच. तिला आणि आणखी एका मुलीला खास परवानगीनं त्या वर्गात बसू दिलं. सोळाव्या वाढदिवसाला आईनं एक पुस्तक दिलं. क्ष-किरणांनी स्फटिकातले अणू कसे कळतात, ते त्यात होतं. तिथंच तिची वाट ठरली.

आपण ठिपके मांडून रांगोळी काढतो ना, तसंच हे काम. पदार्थाच्या खडीसाखरेसारख्या स्फटिकातून क्ष-किरण सोडायचे, की फिल्मवर ठिपके उमटतात. कुठला ठिपका किती गडद ते मोजायचं आणि महिनोन्‌महिने आकडेमोड करून अणूंच्या जागा हुडकायच्या. पदार्थ आपल्या शरीरातला, पण तो कळतो भौतिकशास्त्र आणि गणितामुळे!

१९३५ साली डोरोथीबाईंनी इन्शुलिनचा असा पहिला फोटो जगापुढे ठेवला. पण त्यात अणू शेकडो, आणि हाताशी संगणक नाही. १९३७ मध्ये लग्न झालं. पहिल्या मुलानंतर, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, संधिवातानं गाठलं. बोटं वाकडी झाली. यंत्राचा खटका दाबता येईना, तेव्हा त्याला लांब दांडा बसवून घेतला, पण काम सोडलं नाही. पुढे मुलं तीन झाली, नवरा कामानिमित्त बरेचदा बाहेर. तरी १९४५ मध्ये पेनिसिलिनची रचना उलगडली, नंतर बी-१२ जीवनसत्त्वाची. १९६४ साली रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकटीला मिळालं. तिथल्या एका वर्तमानपत्राला मात्र ती ऑक्सफर्डच्या गृहिणीला मिळालेली बक्षिसी वाटली!

नोबेल मिळालं म्हणून त्या थांबल्या नाहीत. इन्शुलिन अजून बाकी होतं ना! संगणक आले, तरुण सहकारी मिळाले. त्यात आपले एम. विजयनही होते. १९६९ साली इन्शुलिनची रचना हाती आली. लवकर किंवा सावकाश काम करणारी नवी इन्शुलिनं बेतायला पुढे तिचाच आधार झाला.

१९९४ साली बाई गेल्या. पुढच्या वेळी ती बाटली हातात घ्याल, तेव्हा त्या वाकड्या बोटांची आठवण जरूर ठेवा.